पोनच्या संध्याकाळची पत्रं

वडील मेहुणीबाई म्बाक्यू तुमिनाह यांना सोलोहून हार्जोनोचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता काय म्हणतात? परसातल्या फणसाला यंदा तरी फळ धरलं का? इकडे मी बरा आहे. म्हणजे जेवतो वेळेवर, पण घास कुठे जातो ते कळत नाही.

झालं असं की माझी ईमेलची पेटी भरली. ‘जागा करा, नाहीतर नवी पत्रं परत जातील’ अशी धमकी आली आणि मी हातातलं काम टाकून संगणकापुढे बसलो. वारसिनी गेल्यावर उरलेली तिची पत्रं त्यातच ना! तुम्हां दोघी बहिणींच्या आईच्या आजारपणात ती तुमच्याकडे राहिली तेव्हा दर पोनच्या बाजारी, पाल आवरल्यावर, चौकातल्या इंटरनेटच्या दुकानात बसून लिहायची. (आधी मिरचीचा भाव, मग माझी खरडपट्टी, शेवटी शाळेतल्या त्या नदीच्या गाण्याची एखादी ओळ. कडव्याची शेवटची ओळ मला बाईंच्या वर्गातही आठवत नसे. ती आठवायची, माझ्या पाठीत पेन्सिल टोचून.) गर्दीत ती पत्रं हरवू नयेत म्हणून मी आपल्या पाच बाजारवारांचे पाच कप्पे केले: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. गाणं गुणगुणत एकेक पत्र हातानं उचलून आपापल्या वारी ठेवलं. वागेचा कप्पा उघडला तर वर नुसत्या गाद्यांच्या जाहिराती. म्हटलं, हाच बळी द्यावा. दिला. आणि अंगण झाडल्यावर केर जाळायची जन्माची सवय, म्हणून कचरापेटीही रिकामी केली.

मग मन शांत करायला पोनचा कप्पा उघडला. त्यात वारसिनीचं एकही पत्र नाही!

माझी हाक ऐकून लेक रेंगानिस धावत आली. “पाक, आई कधी लिहायची?”

“पोनच्या संध्याकाळी.”

“आणि दिवस मावळला की पुढचा वार लागतो, हे आम्हांला कोणी शिकवलं?”

“मीच.”

“म्हणजे ती पत्रं तुम्ही वागेत ठेवलीत. वा! संगणक बिचारा मध्यरात्रीपर्यंत थांबला असता. तुम्हांलाच घाई.”

(पोरीची जीभ अगदी आईची आहे. बोलून झाल्यावर मात्र बराच वेळ माझा हात धरून बसली.)

असो. तब्येतीला जपा.

तुमचा,
हार्जोनो

ता.क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे, की वारसिनीला स्वतःचा ईमेल पत्ता नव्हता. ती तुमच्याच पत्त्यावरून लिहायची. म्हणजे ‘पाठवलेली’ या जागी तुमच्याकडे तिची सगळी पत्रं अजून असतील. माझी पेटी आता मोकळी आहे, कृपा करून पाठवा. आणि म्बाक्यू, हात जोडतो, पाठवण्याआधी ती नीटनेटकी लावायला जाऊ नका. आहे तो पसारा सोन्यासारखा आहे.

ता.क. दुसरा. नदीच्या गाण्याची ती शेवटची ओळ तुम्हांलाही पाठ आहे, ठाऊक आहे मला. फोनवर म्हणून दाखवू नका. तिनं लिहिलेलीच येऊ द्या, खरडपट्टीसकट.