लम्पीचं देवक

आई, तुझ्या तांबड्या गाईची पणती गेल्या महिन्यात व्याली. कालवड झाली. तुझ्या हाताखालच्या जनावरांपैकी तुझ्या दिराच्या, आपल्या तात्यांच्या, गोठ्यात हा एवढाच वंश उरला होता, आणि मध्यंतरी तोही जातोय की काय अशी वेळ आली होती. तेच सांगायला बसलेय. तू गेलीस तेव्हा मी पुण्याला शिकत होते, पुढं माझं काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी विषाणूंची भावकी लावते. माणसाला आणि जनावराला आजारी पाडणारे हे डोळ्यांना न दिसणारे जीव, त्यातला कोण कुणाच्या कुळातला, कोण सख्खा, कोण चुलत, हे प्रयोगशाळेत बसून शोधायचं. याचा पगार मिळतो, खरंच.

मला ते कामथडीचे पाहुणे आठवतात. ताईला बघायला आलेले. मुलगा नोकरीचा, घर हायवेला लागून, अण्णा एवढे खूश की टोपी सारखी काढून घालतायत. तू स्वयंपाकघराच्या दारातून पोह्यांच्या ताटल्या पुढं करतेस आणि सहज विचारतेस, देवक कोणतं? पाहुणे म्हणतात, कळंब. आपलंही कळंबच. आडनाव निराळं, गाव निराळं, सात पिढ्यांत कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, तरी तू पदराला हात पुसून सांगतेस की मग ही भावंडं झाली, जमायचं नाही. पाहुणे गेल्यावर अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. मी मात्र बोलले. भोरच्या कॉलेजात नुकती सायन्सला गेले होते, मला सगळं कळत होतं. हा काय अडाणीपणा, म्हणाले. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "आडनाव गावावरनं पडतं गं. देवक घरातनं येतं. तुमच्या कालेजात कोण कुणाचं हे शिकवत न्हाईत व्हय?" मी पाय आपटत बाहेर गेले.

शिकवत होते, पण ते पुढं. अंगावर फोड दिसले की तुम्ही त्याला देवीच्या घरातलं समजायचात. कांजिण्यांनासुद्धा तिच्या बहिणी म्हणून लिंबाचा पाला लावायचात. आत डोकावून पाहिलं तर कांजिण्या त्या कुळातल्या नाहीतच, त्या नागिणीच्या घरातल्या. उलट गुरांची लम्पी, शेळीची देवी आणि मेंढीची देवी या तिघी सख्ख्या, आणि माणसाची देवी त्यांची चुलत. ही नावं-कुळं ठरवायला जगभरातल्या जाणत्यांची एक बैठक असते. आपल्या भावकीसारखेच तेही हमरीतुमरीवर येतात. हल्ली त्यांनी प्रत्येकाला दोन शब्दांचं नाव द्यायचं ठरवलंय, पहिलं कुळाचं आणि दुसरं ज्याचं त्याचं. तुला हे फार आवडलं असतं.

तर ही लम्पी हायवेनं वर सरकत आली. आधी सारोळ्याकडं ऐकू आली, मग शिवऱ्याला, मग आपल्या वेल्ह्याच्या खोऱ्यात. जनावराला ताप चढतो, अंगभर गाठी उठतात, वैरण सुटते. डॉक्टर देवळापुढं लस घेऊन आले, सगळी वाडी गुरं घेऊन जमली. लम्पीची स्वतःची लस तेव्हा हाताशी नव्हती, शेळीच्या देवीचीच देत होते. तात्यांनी चष्मा लावून बाटली वाचली. शेळीचं नाव दिसलं तशी तुझ्या तांबडीच्या पणतीचा कासरा सोडला आणि सरळ घरची वाट धरली. तात्या निघाले म्हटल्यावर त्यांच्यामागं सगळी वाडी निघाली. दादाचा मला फोन आला, डॉक्टर उद्या परत येणार आहेत, तू ये, तुझं ऐकलं तर ऐकतील.

मी पोचले तर तात्या गोठ्याच्या दारात आडवं दांडकं घालून बसलेले. मी शाळेत सांगतात तसं समजावलं. काही उपयोग झाला नाही. "शेळीचं औषिद गाईला? उद्या मला बैलाचं टोचशील," म्हणाले. तेव्हा तू तोंडात आलीस बघ. म्हटलं, तात्या, लम्पीचं आणि शेळीच्या देवीचं देवक एकच आहे. एकीची ओळख पटलेलं अंग दुसरीला उंबऱ्यावरच अडवतं. तात्या जागचे उठले नाहीत. मग त्यांच्या दंडावरचे ते दोन गोल वण दिसले.

"आन् तुमाला टोचलंय की कवाच, तात्या," मी म्हणाले. "देवी काढल्या तवा. ती लस गाईच्या देवीच्या घरातलीच."

तात्यांनी दंडावर हात ठेवला आणि गाईकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी हिचं देणं लागतोय म्या." दांडकं बाजूला केलं आणि स्वतः शिंगं धरून तिला देवळापुढं नेलं. वाडी पुन्हा मागं आली. सुई टोचताना मी गाईच्या मानेवर हात ठेवला होता. जवळचं नातं असलं तरी लस प्रत्येक जनावराला पावतेच असं नाही, हे मला माहीत होतं आणि मी ते तात्यांना बोलले नव्हते. पुढचे काही आठवडे मी रोज दादाला फोन करून गाईची विचारपूस करायचे. पलीकडच्या वाडीत लम्पी शिरली, आपल्याकडं दोन-तीन गुरांना गाठी आल्या नि बसल्या. तात्यांच्या गाईला काही झालं नाही. आता तात्या मला फोन करून कुठल्याही तापाचं देवक विचारतात, अगदी नातवाच्या सर्दीचंसुद्धा.

तू देवक विचारायचीस ते सोयरीक मोडायला, मी सांगितलं ते जुळवायला. एवढाच काय तो आपला फरक, असं मला वाटायला लागलंय.

हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून सांगते. माझं लग्न तुझ्या मागं झालं, आणि मी हट्टानं कुणाला देवक विचारू दिलं नव्हतं. गेल्या महिन्यात कालवडीची बातमी आली, तेव्हा सासूबाईंना भाजी निवडता निवडता हळूच विचारलं. पंचपल्लव आहे, आई. कळंब नाही. इतक्या वर्षांनी माझा जीव भांड्यात पडला.