हॅझलवॉर्थच्या घरातली दोन स्वयंपाकघरं

मुक्काम डार्मश्टाट,
१४ ऑक्टोबर २००६

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्या दत्तूचा नमस्कार. एरवी भिंतीपलीकडून तुमचा सकाळचा खोकला ऐकला की तब्येत कळते. इथपर्यंत तो पोचत नाही, म्हणून लिहून विचारावं लागतंय. मालिनीवहिनींचे गुडघे कसे आहेत? पत्र बघून दचकू नका. आप्पा गेल्यावर हॉलमध्ये भिंत घातली तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, आपण बोलत नाही हे माझ्या लक्षात आहे. पण लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. (तुम्ही तुमची बाजू एका दातांच्या डॉक्टरला विकताय असं आमच्या हिने, शुभाने, फोनवर सांगितलं. खुशाल विका. हे पत्र त्याबद्दल नाही.)

आमच्या लेकीच्या, कादंबरीच्या पीएच.डी.चं चौथं वर्ष सरत आलं तरी पीएच.डी. काही सरेना, म्हणून मी प्रत्यक्ष पाहणीला आलो. विषय काय, तर इंग्लंडमधल्या हॅझलवॉर्थ नावाच्या पडक्या घराचा इतिहास. सहाशे वर्षांपूर्वी कुणा जमीनदाराने बांधलेलं, आता वर छप्पर नाही, आत मेंढ्या चरतात. घर इंग्लंडात, युनिव्हर्सिटी जर्मनीत आणि मुलगी सांगलीची. भूमापन कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला यात काळंबेरं दिसणारच. मी पहिल्याच दिवशी विचारलं, सध्या कब्जा कोणाचा? म्हणे एका ट्रस्टचा. वारस? म्हणे कोणी उरला नाही. दादा, जुन्या घराला वारस नाही असं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. यांनी शोधले नसतील, नाहीतर दाबले असतील. मग मला दुसराच संशय आला, की घरबिर काही नाही, कुणीतरी गोरा मुलगा आहे आणि घर हे निमित्त. म्हणून ती लायब्ररीत गेल्यावर मी तिची खोली तपासली. (तपासली म्हणजे आवरली.) मुलगा सापडला नाही. नकाशे सापडले. पलंगाखाली, कपाटावर, फ्रीजच्या दारावर, जिथे बघावं तिथे हॅझलवॉर्थ. आवरता आवरता चहाचा चोथा कचऱ्याच्या चुकीच्या डब्यात पडला, तेव्हापासून इथला हाउसमाइस्टर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा गृहस्थ, माझ्यावर पाळत ठेवून आहे. मीही त्याच्यावर ठेवून आहे.

तर नकाशा. ते घर मी पाहिलेलं नाही (माझा व्हिसा इंग्लंडला चालत नाही, का ते कोणी नीट सांगत नाही), पण मोजणी चोख असली की घर बघावं लागत नाही. मधे मोठा हॉल. पूर्वेला स्वयंपाकघर, पश्चिमेला दुसरं स्वयंपाकघर, आणि हॉलच्या बरोबर मधून गेलेली, मागाहून घातलेली भिंत. खिडकीसुद्धा सोडलेली नाही, अर्धी या बाजूला, अर्धी त्या. (आपल्या खिडकीचा एक पल्ला तुमच्याकडे आणि एक आमच्याकडे आहे, हा निव्वळ योगायोग समजावा.) कादंबरीचं घोडं वर्षभर इथेच अडलेलं. तिच्या प्रोफेसरबाई, फ्राऊ लिंडनर, यांचं म्हणणं, दुसरं स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी. पाहुण्यांसाठी कोणी वेगळी चूल मांडतं का? मी एवढंच विचारलं, "मालक किती भाऊ होते?"

"दोन. का हो बाबा?" असं ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघत बसली. तिची आई बघते तसंच बघते ती.

आता घर पडलं कसं? बाईंच्या मते वीज पडून. मला त्या विजेचाच संशय होता. मी कादंबरीला दुरुस्तीच्या जुन्या कागदांच्या नकला काढायला लावल्या आणि दोघांनी बसून चार दिवस वाचल्या. थोरला आपल्या बाजूचं छप्पर दर दोन वर्षांनी भिंतीपर्यंत नीट करून घ्यायचा, धाकटाही भिंतीपर्यंत. दोघांचं काम चोख. पण भिंतीवरची पन्हळ? साठ वर्षांच्या कागदांत तिचा उल्लेखसुद्धा नाही. ती थोरल्याला धाकट्याची वाटायची आणि धाकट्याला थोरल्याची. पाणी मुरलं, तुळई कुजली, छप्पर खाली आलं. वीज पडलीच असेल तर ती आधीच पडलेल्या घरावर.

हे ऐकायला बाईंनी मला मुद्दाम कॉफीला बोलावलं. मी कागदावर पन्हळ काढून दाखवली, तशा त्या टेबलावर हात आपटून "गेनाऊ!" म्हणाल्या. म्हणजे अगदी बरोबर. एकतीस वर्षांत माझं म्हणणं पहिल्या खेपेत कोणाला पटलेलं नाही, त्यामुळे मला धास्तीच वाटली. (बाई हे स्वतःच्या नावावर छापतील. मी कागदावर तारीख घालून कादंबरीची सही घेतली आहे.) मग त्यांनी विचारलं, तुम्हाला हे इतक्या लवकर कसं कळलं? मी कॉफीत साखर ढवळत राहिलो. उत्तर कादंबरीने दिलं, जर्मनमध्ये, बराच वेळ. मला त्यातलं "सांगली" तेवढं दोनदा कळलं. बाईंनी कप खाली ठेवला आणि काहीतरी हळूच विचारलं. कादंबरीने मला मराठीत सांगितलं, "बाबा, त्या विचारताहेत, तुमच्या घराची पन्हळ कोण बघतं?"

दादा, मला लाज वाटली. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली तेव्हा मी आमच्या बाजूने रंग मारून घेतला होता. तुम्हीही मारलात, मला वास आला होता.

वहिनींना नमस्कार सांगा. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

आपला धाकटा,
दत्तात्रय

ता. क. – त्या दातांच्या डॉक्टरला ओल दाखवलीत का? नसेल तर मी दाखवेन.

ता. क. २ – विकू नका, दादा. मी महिनाअखेरीस येतोय. आधी पन्हळ बघू, मग भिंतीत दार पाडू. गवंडी तेवढा बघून ठेवा, मात्र भिंत ज्याने घातली तो नको.

ता. क. ३ – दाराची कडी आमच्या बाजूने असेल. तुमच्याही बाजूने हवी असेल तर तसं येऊन तोंडाने सांगा. चिठ्ठी चालणार नाही.