दोऱ्याचं दुसरं टोक

२ मार्च, रविवार

चोपन्न पूर्णांक आठ. शिवाय दोन शंकू पाडले, म्हणजे दंडाचे चार सेकंद वेगळेच. मैदानावर मांडलेल्या शंकूंमधून एकट्यानं गाडी काढायची, शर्यत फक्त घड्याळाशी — एवढाच आमचा खेळ. गाडी मी जुळवतो, चालवते बायको. आमचा नेहमीचा प्रतिस्पर्धी, तो डेंटिस्ट, बावन्नमध्ये आला आणि हेल्मेट काढता काढता त्यानं पुन्हा तेच विचारलं, गाडी विकायचा विचार आहे का?

परतताना ही म्हणाली, "गाडी लाजते."

लाजते! बावीस वर्षं संसार झाला, गाडीबद्दल हिच्या तोंडून एक आकडा निघेल तर शपथ.

घर जवळ आल्यावर म्हणाली, "मला भीती वाटायला लागलीय रे. सोळा तारखेच्या शर्यतीतही असंच झालं तर देऊन टाकू डेंटिस्टला." थट्टा नव्हती. आम्हा दोघांचं मिळून असं हे एकच आहे, बाकी सगळी कामंच.

३ मार्च, सोमवार

हिच्या शब्दांचा कोश वहीच्या शेवटच्या पानावर आहे. 'नाक मुरडते' — पुढची चाकं वळायला नाखूश. 'डुलते' — धक्के शोषणारे डँपर ढिले. 'फुगून बसते' — टायरमध्ये हवा जास्त. 'लाजते' नव्हतं. विचार करून लिहिलं: 'लाजते — वळणावर पुढे यायला तयार नाही.' पाहुणे आले की लहान मूल दाराशीच अडतं, तसं. उपाय — पुढची चाकं आणखी जराशी बाहेर फाकवायची. सोपं!

हिला विचारायचं राहिलं. पण त्यात विचारायचं काय?

५ मार्च, बुधवार

संध्याकाळी दोरे ताणले. गाडीच्या दोन्ही अंगांना एकेक, अगदी समांतर. दोऱ्यापासून रिमची पुढची कड किती लांब, मागची किती, यावरून चाक आत बघतंय की बाहेर ते कळतं. सीटवर चालवणाऱ्याचं वजन हवं, नाहीतर स्प्रिंग नीट बसत नाहीत आणि मापं खोटी येतात. म्हणून हिची कामं दोन: आधी दोऱ्याचं दुसरं टोक धरायचं, मग सीटवर जाऊन बसायचं. बसल्या बसल्या शब्दकोडं सोडवते. हलली की मी ओरडतो.

मध्येच विचारलं, मागची चाकं नाही बघणार? म्हटलं, मागचं अगदी सरळ आहे, शून्य, मी स्वतः लावलंय. "बरं," म्हणाली. हिच्या 'बरं'चे चार अर्थ आहेत, कोशात एकही नाही.

९ मार्च, रविवार

सराव. वाईट, फारच वाईट. पुढचं टोक आता भसकन वळतं, आणि तिसऱ्या वळणावर गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं उभी राहिली. ही उतरली ती दाराला टेकूनच उभी राहिली. "आणखीच लाजायला लागली," म्हणाली. तिला जवळ घ्यायचं सोडून मी काय बोललो, तर ब्रेक फार उशिरा दाबलास. कुठून बुद्धी झाली!

११ मार्च, मंगळवार

अबोला. चहा मात्र मिळाला.

१३ मार्च, गुरुवार

पुढची चाकं गुपचूप जुन्या मापावर आणली. रात्री जेवताना चुकलं म्हणालो. ती हसली, म्हणजे अर्धीच. पण आमच्याकडे अर्ध्यावर भागतं.

१५ मार्च, शनिवार

दिवसभर ताईकडे, तिचं कपाट हलवायला. ते या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं आणि ताईच्या मनाला येईना म्हणून परत आणलं. घरी आलो तर ही भलतीच खुशीत. कुंड्या भरायला मातीची तीन पोती आणलीत म्हणे. आणि गाडीत बघतो तर चालवायच्या सीटवर माती! उद्या शर्यत, आणि हिला बागकाम सुचतंय. ब्रशनं सगळं साफ केलं. दोऱ्याचं रीळ भलत्याच खिळ्यावर होतं, मीच टांगलं असणार, वय झालं.

हिचे गुडघे दुखतायत. मलम चोळून दिलं. उद्या काय ते कळेल.

१६ मार्च, रविवार

एक्कावन्न पूर्णांक एक! एकही शंकू हलला नाही. तिसऱ्या वळणावर मी डोळे मिटून घेतले होते, उघडले तेव्हा ही पार पुढे गेली होती. उतरली ती हसतच, पूर्ण हसत. डेंटिस्ट आठ दशांशांनी मागे.

तो विचारायला आला, काय केलंत एवढं? मग मी काय सोडतो! पुढचा कोन, दोरा, मिलिमीटर, सगळं पाजळलं. ही शेजारी उभी राहून केळं खात होती. जाता जाता त्यानं विकण्याचं काढलंच, तेव्हा मात्र म्हणाली, "आता कशाला?" मला आभाळ ठेंगणं झालं.

फक्त एक गोष्ट टोचतेय. पुढची चाकं जुन्याच मापावर आहेत, आणि त्या मापावर दोन तारखेला चोपन्न पूर्णांक आठ आले होते. मग हे पावणेचार सेकंद आले कुठून? उद्या बघू. आज मी सुखात आहे.

१७ मार्च, सोमवार

गाडीखाली शिरलो. मागच्या चाकांचा कोन बदलणाऱ्या दोन्ही रॉडवरच्या माझ्या पांढऱ्या खुणा अर्धा अर्धा फेरा सरकलेल्या. मागची चाकं आता किंचित आत बघतायत. अंगणात कुंड्या रिकाम्याच, आणि पोती शिवलेलीच. प्रत्येकावर छापलंय — वीस किलो. तिन्ही मिळून साठ. बायकोचं वजन साठ.

वहीचं शेवटचं पान उघडलं. 'लाजते'पुढची माझी ओळ खोडलेली, खाली हिचं अक्षर: 'लाजते — ब्रेक लावला की मागून अंग चोरते. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.'

पुढच्या वेळी दोऱ्याचं दुसरं टोक मी धरणार.