गोठवणीच्या आधी

प्रिय रंगारी,

तुझी मेल वाचली. वाचली म्हणजे काय, पाठच झाली. आपल्या सॉफ्टवेअरला तू नवा चेहरा करून पाठवलायस, तो या आवृत्तीत गेला तरच तुझी कंपनी तुला ठेवणार, नाहीतर तू संपलास, असं लिहिलंयस. शेवटी 'जुन्या दिवसांची आठवण ठेव' हेही. ठेवलीय रे बाबा. माझ्याइतकी कुणी ठेवली नसेल.

ते भाड्याचं घर आठवतं ना? स्वयंपाकघरात ओट्याखाली माझं बिल्डचं यंत्र घरघरायचं. कुठकुठल्या लोकांनी फुकटात लिहून पाठवलेले तुकडे त्यात घालायचे आणि त्यातून लेखनासाठीचं चालतं सॉफ्टवेअर बाहेर काढायचं, हे माझं काम. खोली इतकी तापायची की तू मला भट्टीवाली म्हणायला लागलास. तू बाहेरच्या टेबलावर बटणांचे रंग ठरवत बसायचास, म्हणून तू रंगारी. आपली भांडणं तरी कसली, तर 'जतन करा' डावीकडे की उजवीकडे. आई म्हणायची, या दोघांना मूल झालं तर त्यालाही आवृत्तीचा नंबर देतील. मी तेव्हा सुखात होते, हे आज लिहितानाही नाकारवत नाही.

आणि ती गोठवण! नवी आवृत्ती निघण्याआधी एक दिवस ठरायचा, त्यानंतर पडद्यावरचं एकही बटण हलवायचं नाही. भाषांतर करणारे, मदतीची पानं लिहिणारे, तपासणारे, सगळे त्याच पडद्यावर विसंबून कामाला लागायचे. मुभा एकच: बिल्ड मोडलं तर त्याची दुरुस्ती, आणि तीही फक्त माझ्या नावाने. आई इस्पितळात होती, मी तिच्या उशाशी, आणि तू घरी बसून माझा पासवर्ड वापरलास. तुझी नवी बटणं 'बिल्डची दुरुस्ती' म्हणून आत सरकवलीस. सुंदर होती हं, नुसती चित्रं. चित्रांना नावं द्यायची मात्र राहिली.

मास्तर आठवतात? निवृत्त शिक्षक, दिसत नव्हतं त्यांना, आपली प्रत्येक आवृत्ती कानांनी तपासायचे. संगणक त्यांना बटणाचं नाव वाचून दाखवायचा. त्या आवृत्तीत तो नुसता 'बटण, बटण, बटण' म्हणत राहिला. गेलेल्या बायकोच्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या त्यांनी. जतन होईल म्हणून दाबलं, ते नेमकं 'टाकून द्या'. तक्रारसुद्धा केली नाही. म्हणाले, वय झालं, माझाच हात चुकला असेल. पुन्हा काही ते लिहायला बसले नाहीत.

बाकीच्यांची बोंबाबोंब झाली तेव्हा तू सगळ्यांना काय लिहिलंस? बिल्डमध्ये काहीतरी गडबड झालेली दिसते. बदल माझ्या नावावर होता, झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. मला प्रकल्पातून काढलं त्या दिवशी तू चहा करून आणलास आणि म्हणालास, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. तो चहा मी मोरीत ओतला आणि तुला ते कळलंही नाही. आई गेली ती लेकीने एवढी घाण केली याच समजुतीत. त्याबद्दल मात्र मी तुला कधीच माफ करणार नाही.

आता मी परत आलेय, ते तुला ठाऊक आहे, म्हणून तर इतक्या वर्षांनी मी 'प्रिय' झाले. पडद्यावरचे बदल आणि बिल्ड यांचा मेळ घालायचं काम माझ्याकडे आहे. गोठवणीचा दिवससुद्धा मीच जाहीर करते. तुझा नवा चेहरा मी स्वतः बिल्ड करून पाहिला. देखणा आहे मेला! बघताना क्षणभर जुना जिव्हाळा दाटून आला आणि स्वतःचाच राग आला. मग आवाज चालू केला. बटण, बटण, बटण. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

तर निकाल ऐक. बैठकीत तुझं काम एकमताने मान्य झालं. खरंच. अट एकच, गोठवणीच्या आधी प्रत्येक बटणाला नाव दे. तुझं एका दुपारचं काम. या खेपेला राहिलं तर मात्र कायमचं गेलं, कारण पुढच्या आवृत्तीपासून बिल्डची सगळी मांडणीच बदलतेय आणि तुझं काम तिच्यावर उभंच राहणार नाही. सगळे म्हणाले, त्याला ताबडतोब कळवायला हवं. मी म्हटलं, मी कळवते, आमची जुनी ओळख आहे. बिचाऱ्यांना हायसं वाटलं. मेल केली असती तर तुला त्याच मिनिटाला मिळाली असती, म्हणून हे पत्र लिहिलं. साध्या टपालाने टाकतेय. तू तिकडे मेल उघडउघडून माझ्या उत्तराची वाट बघत असशील. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा गोठवण होऊन गेलेली असेल.

तुझीच,
भट्टीवाली