विकायच्या गाडीला नवे टायर

३ जाने. ६५, रवि.
गाडी बघायला माणसं आली होती. मूर्ती म्हणून आहेत, कॉलेजात शिकवतात, त्यांची बायको, दोन लहान मुलं. गाडी पसंत आहे. मूर्ती चाकांपाशी उकिडवे बसले, हात फिरवून म्हणाले, "टायर मात्र संपलेत. ते घालून द्या, मग ठरवू." हे लगेच इथल्या कन्नडात "सरी, घालून देतो" म्हणून मोकळे. मला विचारणं नाही.
ती मंडळी गेल्यावर मागच्या काचेवरचे मुलांच्या हातांचे ठसे पुसले. गाडी विकायची नाही असं मी अजून मोठ्यानं म्हटलेलं नाही. वेळ आली की म्हणेन.

४ जाने.
ऑक्टोबरात तुमकूर रस्त्यावर पुढचा डावा टायर फुटला नि गाडी खाली शेतात गेली. तेव्हापासून यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. यांच्या खांद्याचं हाड जुळलं. आमच्या निलूच्या हनुवटीचे टाके निघाले, वण राहिला. जेवताना हे त्या वणाकडे बघतात नि मान खाली घालतात. गाडीचं मडगार्ड ठोकून घेतलं, पुढची चाकं सरळ करून घेतली. आता शेडमध्ये, वर ताडपत्री. हे फॅक्टरीच्या बसनं जातात. बसमध्ये वाचायला मिळतं म्हणे. पुस्तकातली खूण आहे तिथंच आहे.
फुटला तो टायर रिट्रेड होता, जुन्यावर नवं रबर चढवलेला. मी तेव्हा नको म्हटलं होतं. आता पुन्हा म्हणणार नाही.

६ जाने., बुध.
हे म्हणाले, चारही रिट्रेड घालू, विकायचीच तर आहे. वरून काळा रंग मारून देतात, नव्यासारखे दिसतात.
मी भाजी चिरत होते. म्हटलं, "त्यांची मुलं मागं बसणार."
"सगळे वापरतात, इंदू. सगळेच काही फुटत नाहीत."
"मग मूर्तींना तसं सांगा. ते हो म्हणाले तर घाला."
उठून बाहेर गेले. निलू विचारते, बाबा रागावलेत का. रागावले असते तर सोपं होतं.

७ जाने.
सकाळी बूट बांधता बांधता, माझ्याकडे न बघता: "नवे घे. चारही. पण दुकानात मी येणार नाही."
"तुम्ही कशाला? मी आहे की."
माहेरी आप्पांच्या सर्व्हिस मोटारी निपाणी-कोल्हापूर धावायच्या. शाळेतून आलं की दप्तर टायरांच्या चळतीवर. रबराच्या वासात वाढले मी. कुठला टायर पावसाळा काढेल, कुठला नाही, हे आप्पा आधी मला विचारायचे, मग ड्रायव्हरला. चुकले तर हसायचे नाहीत, पुन्हा बघ म्हणायचे.

९ जाने., शनि.
जे. सी. रोडला जाऊन आले. गाडी मीच काढली. एका चाकाला स्टेपनी, बाकीचे तीन गुळगुळीत, म्हणून लालबागच्या कडेकडेनं सावकाश. समोरच्या सुब्बक्का फाटकात उभ्या. परत आल्यावर विचारलं, "भय वाटत नाही?" "स्वल्प," म्हटलं. खरं तर तेवढंही नाही.
पहिलं दुकान: मालकांचं डोकं पेपरात. "साहेबांना पाठवा अम्मा, साईझ बघावी लागते." साईझ सांगितली. मग खुर्ची आली, कॉफी सांगितली. मी ती यायच्या आत पुढं.
दुसरं: टायर दारातच टांगलेले, उन्हात. एक वाकवून पाहिला, बाजूला बारीक भेगा. नवाच आहे म्हणे. नवा असेल, पण दारात किती उन्हाळे काढले? आतला दाखवा म्हटलं तर आत काही नाहीच.
तिसरं गल्लीच्या तोंडाशी. वयस्क मालक, चष्मा कपाळावर. मी कन्नडमध्ये बोलल्यावर आतून कागदात गुंडाळलेले काढले. वाकवले, नख दाबलं. रबर जिवंत आहे. पण तीनच. चौथा दुसऱ्या कंपनीचा देतो, फरक पडत नाही, म्हणाले. म्हटलं, पडतो, मी थांबते. जुन्या ट्यूब चालतील, असंही म्हणाले. नव्या टायरात जुनी, सैल पडलेली ट्यूब घडी धरते. त्याही नव्याच हव्यात.
"अम्मा, तुमचं ग्यारेज आहे का?"
"वडिलांचं होतं."
मग जास्त बोलले नाहीत. आवडलं मला दुकान.

१२ जाने., मंगळ.
चौथा आला नाही. संध्याकाळी यांनी विचारलं, नाही म्हटलं. यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. की मलाच तसं वाटलं?

१४ जाने., संक्रांत
सुब्बक्कांकडून एळ्ळु-बेल्ला, त्यांचा तिळगूळ, आला, आमच्याकडून तिळगूळ गेला. लाडू जरा कडक झालेत, पण चव आहे. दुपारी दुकानातून माणूस सांगून गेला, टायर आला.

१६ जाने., शनि.
चारही बसवले. समोर उभं राहून हवा भरून घेतली. जुन्यांतला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीला. येताना गाडी रस्त्याला धरून चालली, मुद्दाम वळणं घेतली दोन-चार.
आज फॅक्टरी अर्धा दिवस. हे फाटकातच उभे. गाडीभोवती फिरून पुढच्या डाव्या चाकापाशी खाली बसले. तळवा टेकवला.
"गरम झालाय."
"चालल्यावर होतो तेवढा."
"तुमकूरला कॉफीला थांबलो तेव्हा हात लावून बघायला हवं होतं मी."
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलले त्यावर. मी त्यांच्याशेजारी तिथंच मातीत बसले. म्हटलं, "बघून कळलं नसतं. ते चढवलेलं रबर आतून सुटत होतं. आप्पांच्याही गाड्यांचे टायर फुटायचे."
"मग ते काय करायचे?"
"दुसरा घालायचे."
हसले नाहीत. पण लगेच उठलेही नाहीत.

१७ जाने., रवि.
बनशंकरीला देवळापर्यंत जाऊन आलो. मी चालवत, हे शेजारी, निलू मागं. निघताना यांनी दाराची कडी धरली, बोटं पांढरी पडली होती. शेतं सुरू झाली तशी सोडली. येताना बैलगाडी मध्येच आडवी आली. ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी सरळ उभी.
"ओढली नाही कुठल्या बाजूला," हे म्हणाले.
"नाही."
त्यानंतर घरापर्यंत मला गिअर शिकवत होते. वर टाक, आता खाली. मग तुम्हीच चालवा, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. निलू मागून माझ्याकडे आरशात बघून हसत होती.

२२ जाने., शुक्र.
मूर्तींचा निरोप: रविवारी दुपारी येतो, पैसे घेऊनच. नवे टायर ऐकून खूष आहेत. माणसं चांगली.
चहा झाल्यावर यांना सांगितलं, मला गाडी विकायची नाही.
"मग टायर त्यांच्यासाठी घातले ना?"
"गाडीसाठी घातले."
"शब्द दिलाय, इंदू."
"टायर घालून देतो म्हणालात. ठरवू, असं ते म्हणाले."
रिकामी कपबशी उचलली. मग, "तू चालवशील. मी बसेन शेजारी."
"नाही. तुम्ही जन्मभर शेजारी बसणार असाल तर मूर्तींनाच देऊ. मीच चावी देईन त्यांच्या हातात."
कठोर झालं का? झालं असेल. पण खोटं नव्हतं.

२३ जाने., शनि.
दुपारी शेडमधून इंजिनाचा आवाज. जाऊन पाहिलं तर हे आत बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी जागेवरच. निलू पळत निघाली होती, तिला थांबवलं. बऱ्याच वेळानं आवाज बंद झाला. हे आत आले, हातपाय धुतले.
"उद्या सकाळी बनशंकरीपर्यंत जाऊन येऊ. रस्ता रिकामा असतो."
"मी काढू गाडी?"
पंच्यानं हात पुसत राहिले. कोरडे झाले तरी पुसत होते.
"सीट तू पुढं घेतली होतीस," म्हणाले. "मी मागं सरकवून ठेवलीय."
मूर्तींना काय सांगायचं ते बनशंकरीहून आल्यावर.