बारशासाठी वायफायवाली गाडी

३ डिसेंबर
कोराडीच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं वीज काढली. मले वायफाय कोण शिकवते! रिटायर होताच घेतलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करून टाकलं. बिछाने, शेगडी, पंखा, सिमवाला राऊटर. आता चिखलदरा! नागपुरातल्या बेसाच्या घरचं नेट आजच कापलं. दोन-दोन कनेक्शन कायले पाहिजे?

५ डिसेंबर
जर्मनीहून आमच्या पोराचा, सुशीलचा फोन. नातवाचं बारसं ८ तारखेले, आपल्याकडचे दुपारी अडीच. आत्या म्हणून आमच्या वैभवीनं व्हिडिओ कॉलवरून बाळाच्या कानात नाव सांगायचं. नाव तिनं कोणालेच सांगितलं नाही. बाप असून मलेही नाही! बायको शामला म्हणे, बारसं घरी बसून करू, मग फिरू. म्हटलं, काहून वं? घरी नेट कुठं आहे? पहाडावरून करू. जर्मन लोक पाहतच राहतील. शामलानं कपाळाले हात लावला. आनंदानं असंल.

७ डिसेंबर, दुपार
निघालो. धुळीनं राऊटर बिघडेल म्हणून शामलाच्या पोह्याच्या स्टीलच्या डब्यात ठेवला. वायरीपुरतं भोक पाडलं, झाकण गच्च. डोकं लागते.

संध्याकाळ
काटोलच्या पुढं ओळखीच्या धोंडबाच्या संत्र्याच्या बागेत मुक्काम. जागा खोलगट. फोनले एक दांडी नाही, दुसऱ्या कंपनीचं सिम असून राऊटरही मुका. चालूच ठेवतो, सकाळपर्यंत पकडेल. गरम होऊ नये म्हणून पंखाही लावला.

८ डिसेंबर, सकाळी १०
धोंडबा विचारून राहिला, याले डब्यात काहून कोंडलं गा? अडाणी माणूस. पण त्याचं मन राहावं म्हणून बाहेर काढला. हिरवा दिवा लागला! मी म्हणतच होतो.

१०.२०
दिवा गेला. बॅटरी खल्लास. गाडीही स्टार्ट होत नाही.

१२.००
धोंडबा म्हणे, बायकांले बसनं काटोलले धाडा, तिथं नेट आहे. म्हटलं, पंधरा मिनिटं, बॅटरी उठतेच.

२.१०
आणखी पंधरा मिनिटं.

२.४०
दोघी माय-लेकी बस पकडायले रस्त्याकडं निघून गेल्या. सबर नाही बायकांले.

९ डिसेंबर
दोघी रात्री बागेत परतल्या. काटोलहून फोन लागला तेव्हा साडेचार झाले होते म्हणे. सुशील तासभर थांबला. बाळ रडून रडून बेजार. शेवटी वरच्या मजल्यावरची कोणी बाई आत्या झाली अन् सुनेनं सुचवलेलं नाव कानात सांगितलं. वैभवी दोन महिने नाव शोधून राहिली होती. ते आता कोणालेच सांगत नाही, नुसती रडते. मले लय वाईट वाटलं. पण अजून पंधरा मिनिटं थांबायले काय झालं होतं?

११ डिसेंबर
धोंडबाचा बाहेरगावी गेलेला ट्रॅक्टर आज आला, त्याच्या बॅटरीवर गाडी सुरू करून बेसाले परत. घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. सुशील फोन उचलत नाही.

फाटकात शेजारचे ईश्वरदासजी भेटले. म्हणे, वहिनीनं नातवाचं नाव सांगितलं, एकदम झकास! म्हटलं, मीच सुचवलं.

त्यांनी अर्थ विचारला. म्हटलं, निवांत सांगतो.

नाव मले अजून कोणी सांगितलं नाही.