अर्ध्या तासाचं ऑपरेशन

प्रिय मास्तरीणबाई,

अक्षर ओळखलंस ना? फाडण्याआधी एकदा वाच, एवढंच मागतो. वेगळे झाल्यावर एकोणीस वर्षांनी लिहितोय. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. आता माझाच चष्मा जाड झालाय. आई गेल्या वर्षी गेली.

मागच्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं. अर्ध्या तासाचं. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी. कशाचं ते लिहिताना हात अडतोय. माझ्या लिंगाची पुढची कातडी घट्ट होती, मागे सरकायचीच नाही. जरा ताण पडला की चिरायची, रक्त यायचं, लघवीला आग व्हायची. लग्नाच्या कितीतरी आधीपासून. मला वाटायचं, आपण पुरुषच नाही.

आता तुला आपली ती खोली आठवेल. तू जवळ आलीस की मी भिंतीकडे तोंड करायचो. डोकं दुखतंय, दमलोय, काहीही सांगायचो. तुझा हात खांद्यावर पडला की मी आक्रसायचो, दुखण्याच्या धास्तीने. तुला वाटलं, किळसेने. एकदा तू सरळ विचारलंस, "माझं काय चुकतंय ते तरी सांग." मी म्हणालो, "काही नाही." दुकानात मशीन बंद केलं की अजून ऐकू येतं ते. आधी तुझा आवाज, मग माझा.

आणि तो दोन्ही घरांच्या बैठकीचा दिवस. आई सगळ्यांदेखत म्हणाली, हिच्यात बाईपणच नाही. तुझे वडील मान खाली घालून बसले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी बुटाची लेस बांधत राहिलो. बांधलेलीच होती ती. तू बॅग उचललीस.

यंदा सूज आली, लघवी तुंबली, तेव्हा नाइलाजाने डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "इतकी वर्षं कुणाला दाखवलं नाहीत?" म्हटलं, लाज वाटली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, लहान मुलांची कातडी घट्टच असते, वाढत्या वयात आपसूक सैल होते. जबरदस्तीने ओढायची नसते. मग विचारलं, लहानपणी कुणी जोर केला होता का? मला सहाव्या वर्षीचा कंपाउंडर आठवला. जळजळ होते म्हणून काकांनी नेलं होतं. त्याने हिसकाच दिला. ती चीर भरली, पण वण राहिला आणि आवळत गेला. पुष्कळांना नुसत्या मलमाने काही आठवड्यांत गुण येतो, म्हणाल्या. माझा वण जुना, मलमाला दाद देईना, म्हणून ऑपरेशन. "विशीत आला असतात तर कदाचित मलमावरच भागलं असतं," त्या सहज बोलून गेल्या. ऑपरेशनची जखम भरल्यावर एका रात्री मी रडलो. काहीच दुखत नव्हतं म्हणून.

परवा तुझा धाकटा भाऊ चष्मा करायला आला. मी अजून इथेच आत बसतो हे त्याला ठाऊक नव्हतं. मी बाहेर येऊन तू कशी आहेस विचारलं. हातातली फ्रेम त्याने खाली ठेवली. मग म्हणाला, "दोन चांगली स्थळं आली होती. नाही म्हणाली. म्हणते, माझ्यातच खोट आहे, माझ्याजवळ आलेला माणूस तोंड फिरवतो."

म्हणून लिहिलं. परत ये म्हणायला तोंड नाही, उत्तरही नको. खोट तुझ्यात नव्हती, कधीच नव्हती. दुखणं माझं होतं आणि ते लपवायला मी तुला पुढे केलं. हे पत्र वडिलांना दाखव, भावाला दाखव, ज्याला दाखवावंसं वाटेल त्याला दाखव. मी आता लपवणार नाही.

कधीकाळी तुझाच म्हणवून घेणारा